पदाचा अधिकार आणि प्रत्यक्ष सत्ता: अभिजात व्यवस्थापन विचारात या दोहोंचा संबंध कसा मांडला आहे?

शाखालिपिक यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका सहकारी पतसंस्थेच्या तालुक्याच्या गावातील शाखेत लिपिक आहे आणि नोकरी सांभाळून एम.कॉम.चा बाहेरून अभ्यास करते आहे. व्यवस्थापनाच्या अभिजात विचारांवरील प्रकरणात मी एका व्याख्येपाशी अडले आहे. माझ्याकडील टिपणांत ‘अधिकार म्हणजे आज्ञा देण्याचा अधिकार’ असे वाक्य आहे. ज्या शब्दाचा अर्थ सांगायचा तोच शब्द अर्थात आल्यामुळे या वाक्यातून माझ्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या एका पुस्तकात त्याच ठिकाणी ‘सत्ता’ हा शब्द आहे, आणि माझी धाकटी बहीण राज्यशास्त्र शिकते, तिच्या वहीत ‘अधिसत्ता’ असे लिहिलेले आहे. पॉवर आणि ऑथॉरिटी या दोन निराळ्या कल्पना आहेत एवढे मला समजते. पण अभिजात विचारवंतांनी त्यांची सीमारेषा कुठे आखली, हे काही केल्या उलगडत नाही.

प्रश्न परीक्षेपुरताच असता तर मी तो इथे मांडला नसता. आमच्या शाखेत दीड वर्षापूर्वी मुख्य कार्यालयाकडून नवे शाखाव्यवस्थापक आले. ते चांगले शिकलेले आहेत, त्यांचे वागणे सौजन्याचे आहे, आणि ठरावीक रकमेपर्यंतचे तारणकर्ज मंजूर करण्याचे लेखी अधिकार त्यांच्याकडे आहेत. तरीही पिग्मी एजंट आपली अडचण घेऊन आधी जातात ते आमच्या ज्येष्ठ लिपिकबाईंकडे. बाई बावीस वर्षे याच शाखेत आहेत. कोणता कर्जदार सोयाबीनचे पैसे हाती आले की न सांगता हप्ता भरतो आणि कोणाच्या जामीनदाराच्या घरी गेल्याशिवाय वसुली होत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. व्यवस्थापकांनी काढलेल्या सूचनेवर बाई नुसत्या ‘बघू’ म्हणाल्या, तर बाकीचे सगळे तेवढ्यावर थांबतात. आता तर व्यवस्थापकही कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी बाईंच्या टेबलाकडे एकदा पाहतात.

पुस्तकात अधिकार वरून खाली येतो आणि आमच्या शाखेत तो खालून वर जाताना दिसतो. फेयॉल किंवा वेबर या अभिजात विचारवंतांना ही गोष्ट दिसलीच नव्हती, की त्यांनी तिला वेगळे नाव दिले होते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त वाणिज्य शिक्षक यांचे उत्तर

ताई, आपण जिथे अडलात तिथे माझे अनेक विद्यार्थी अडत असत, आणि त्यात दोष भाषांतराचा होता. हेन्री फेयॉल यांनी १९१६ साली फ्रेंचमध्ये केलेल्या व्याख्येत दोन अंगे आहेत आणि त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत ती नीट उतरवायची तर असे म्हणावे लागेल: अधिकार म्हणजे आज्ञा करण्याचा हक्क आणि ती पाळायला लावण्याची ताकद. आपल्या टिपणात ‘हक्क’ या शब्दाच्या जागी पुन्हा ‘अधिकार’ आला, आणि व्याख्येचा दुसरा अर्धा भाग गळूनच गेला. मला विचाराल तर हा गळलेला अर्धा भागच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. फेयॉल यांनी हक्क आणि ताकद यांना एकमेकांपासून तोडले नाही, एकाच जोखडाला जुंपले. ज्याच्याकडे हक्काचा कागद आहे पण आज्ञा पाळायला लावण्याची ताकद नाही, त्याचा अधिकार त्यांच्या व्याख्येनुसार अपुराच ठरतो. आपले व्यवस्थापक नेमके या अवस्थेत आहेत.

याच्या पुढच्याच टप्प्यावर फेयॉल आणखी एक भेद करतात, जो पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. पदामुळे मिळणारा अधिकार वेगळा आणि माणसाची बुद्धी, ज्ञान, अनुभव, नैतिक वजन, नेतृत्वाची देणगी आणि आधीची सेवा यांतून तयार होणारा व्यक्तिगत अधिकार वेगळा. चांगल्या प्रमुखाच्या ठिकाणी पदाच्या अधिकाराला या दुसऱ्या अधिकाराची जोड अपरिहार्य असते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे लिहिणारा माणूस केवळ पुस्तकी नव्हता. ते खाण-अभियंता होते. १८६० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीत नोकरीला लागले, तरुणपणी त्यांनी खाणीत भूगर्भात लागणाऱ्या आगींचा अभ्यास केला, आणि १८८८ साली कंपनी डबघाईला आली असताना तिची सूत्रे हाती घेऊन १९१८ पर्यंत ती सांभाळली. जमिनीखाली आग लागलेली असताना मजूर कोणाचे ऐकतात, हे अशा माणसाला शिकवावे लागत नसावे.

इथे मला आपल्या भाषेविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठीत ‘अधिकार’ हा शब्द खुर्चीपुरता कधीच नव्हता. ‘ज्ञानेश्वरीवर बोलण्याचा त्यांचा अधिकार मोठा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या गृहस्थांना कोणी नेमणूकपत्र दिलेले नसते. त्यांचा अभ्यास, साधना आणि वर्षानुवर्षांची निष्ठा यांमुळे ऐकणारे आपणहून मान तुकवतात. ‘अधिकारी पुरुष’ आणि ‘कृषी अधिकारी’ या दोन प्रयोगांत शब्द एकच आहे आणि अर्थ दोन आहेत, आणि फेयॉल यांनी केलेला भेद जवळपास तोच आहे. म्हणून ‘अधिकार’ हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. तो वापरताना पदाचा अधिकार म्हणायचा आहे की माणसाचा, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे, एवढेच पुरे. त्या हिशेबाने आपल्या बाईंकडे माणसाचा अधिकार भरपूर आहे आणि पदाचा फार थोडा.

आणखी एक. फेयॉल अधिकाराचा विचार जबाबदारीला सोडून करत नाहीत, आणि जबाबदारी म्हणजे त्यांच्या लेखी सत्तेच्या वापरापाठोपाठ येणारे बक्षीस किंवा शिक्षा. लोकांना अधिकाराची जेवढी ओढ असते तेवढीच जबाबदारीची भीती असते, हे त्यांचे निरीक्षण आपल्या शाखेला लावून पाहावे. उद्या बाईंच्या शब्दावर दिलेले कर्ज थकले, तर खुलासा कोणाकडे मागितला जाईल?

समाजशास्त्राचा अभ्यासक यांचे उत्तर

सरांनी फेयॉल यांच्याविषयी लिहिलेले मला मान्य आहे, परंतु बाईंकडे जे आहे त्याला लगेच ‘अधिकार’ म्हणण्याबाबत माझा मतभेद आहे, आणि तो जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या आधाराने मांडतो.

वेबर यांच्याकडे दोन संज्ञा आहेत. पहिली ‘माख्ट’, म्हणजे सत्ता: एखाद्या सामाजिक संबंधात समोरच्याचा विरोध असला तरी आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता, मग त्या शक्यतेचा आधार काहीही असो. हा आधार पैसा असेल, दांडगाई असेल, एखाद्याचे गुपित ठाऊक असणे असेल किंवा नुसते देखणेपण असेल. दुसरी संज्ञा ‘हेर्शाफ्ट’: विशिष्ट आशयाची आज्ञा विशिष्ट लोकांकडून पाळली जाण्याची शक्यता. या दुसऱ्या संज्ञेचे इंग्रजी भाषांतर काहींनी ऑथॉरिटी असे केले, तर काहींनी वर्चस्व या अर्थाचा शब्द वापरला, आणि आपल्याकडच्या ‘अधिसत्ता’, ‘प्रभुत्व’, ‘अधिकार’ अशा नाना शब्दांच्या गर्दीमागे हा गोंधळही आहे. वेबर यांच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न असा की आज्ञा पाळणारा ती रास्त मानतो का आणि कशाच्या बळावर मानतो. परंपरेने चालत आले म्हणून, एखाद्या व्यक्तीच्या असामान्यत्वावरील श्रद्धेमुळे, किंवा रीतसर केलेल्या नियमांनुसार त्या पदावरील माणसाला तसे सांगता येते म्हणून. अधिमान्यतेचे हे तीन आधार त्यांनी सांगितले आणि आधुनिक कार्यालयाला तिसऱ्या आधाराखाली ठेवले.

आता शाखेकडे पाहू. पिग्मी एजंट बाईंचे ऐकतात ते बाईंना आज्ञा करण्याचा हक्क आहे असे मानून, की त्यांच्यावाचून काम अडते म्हणून? दुसरे कारण खरे असेल तर ती सत्ता आहे, अधिकार नव्हे. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण अधिकाराला नियमांची चौकट असते, दाद मागण्याची सोय असते, कार्यकक्षा लिहिलेली असते. कार्यालयातल्या नुसत्या सत्तेला यातले काहीच नसते. आपल्या बाई सज्जन आहेत असे ताईंच्या लिहिण्यावरून वाटते, पण त्याच जागी एखादी मनात आकस धरणारी व्यक्ती असती तर एखाद्या गरजू कर्जदाराचा अर्ज महिनोन्‌महिने ‘बघू’मध्ये अडकून पडला असता, आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची हेही त्याला कळले नसते.

वेबर यांना ही गोष्ट दिसली नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. नोकरशाहीचा राजकीय धनी हा मुरलेल्या अधिकाऱ्यांपुढे नेहमी हौशी माणसाच्या भूमिकेत असतो, आणि नोकरशाही आपले ज्ञान गुप्त ठेवून स्वतःचे वजन वाढवते, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. मंत्र्याच्या जागी शाखाव्यवस्थापक आणि अधिकाऱ्याच्या जागी ज्येष्ठ लिपिक ठेवले की चित्र तेच उरते. अभ्यासकांनी हेही ध्यानात ठेवावे की वेबर यांनी व्यवस्थापकांसाठी नियमावली लिहिली नव्हती. त्यांचा मोठा ग्रंथ १९२० साली त्यांचे निधन झाल्यानंतर प्रसिद्ध झाला, आणि फेयॉल व कारखान्यातील कामाची शास्त्रशुद्ध आखणी करणारे अमेरिकी अभियंता टेलर यांच्या रांगेत त्यांना पुढच्या पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांनी बसवले.

यंत्रशाळा यांचे उत्तर

मी एका अभियांत्रिकी कारखान्यात तेहेतीस वर्षे देखभाल विभागात होतो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. वरची दोन्ही उत्तरे वाचून राहवले नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे एक जुने प्रेस यंत्र होते. ते बंद पडले की उत्पादन विभागाचे मोठे साहेब स्वतः चालत आमच्या खोलीत येत, आणि एरवी ज्याला कोणी नावाने हाक मारत नसे त्या फिटरला ‘किती वेळ लागेल?’ असे अदबीने विचारत. त्या फिटरला कोणावरही हुकूम करण्याचा हक्क नव्हता. तरी त्या दिवशी पाळी किती वाजता सुरू होणार, हे त्याच्या उत्तरावर ठरत असे. पुढे कारखान्याच्या प्रशिक्षणवर्गात मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अभ्यासाविषयी ऐकले, तेव्हा आपलेच वर्णन ऐकतो आहोत असे वाटले. फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांत जवळपास सगळ्या गोष्टी नियमांनी बांधलेल्या होत्या. यंत्र केव्हा बिघडेल एवढी एकच गोष्ट अनिश्चित होती, आणि ती निस्तरणे केवळ देखभाल कामगारांच्या हातात होते. म्हणून पदाच्या उतरंडीत नसलेली सत्ता त्यांच्याकडे आली. १९६० च्या दशकातले हे लेखन अभिजात सिद्धान्तात मोडत नाही, पण अभिजात सिद्धान्ताने मोकळी ठेवलेली जागा कोणती, हे त्याच्याइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसले नाही. ताईंच्या शाखेत नियमांनी न बांधलेली गोष्ट म्हणजे कर्ज फिटेल की थकेल, आणि त्याचा अंदाज बाईंकडे आहे.

ज्ञानाच्या जोरावर हुकूम चालावा, असे फ्रेडरिक टेलर यांनाही वाटत होते. म्हणून त्यांनी एका मुकादमाचे काम आठ जणांत वाटण्याची योजना मांडली: चौघे नियोजनाच्या खोलीत, चौघे यंत्रांपाशी, आणि प्रत्येकाचा हुकूम आपापल्या विषयापुरता. फेयॉल यांना ती पटली नाही, कारण एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा या त्यांच्या तत्त्वाला ती छेद देते. माझा अनुभव फेयॉल यांच्या बाजूने आहे. गुणवत्ता विभाग ‘थांबा’ म्हणतो आणि उत्पादन विभाग ‘चालवा’ म्हणतो, तेव्हा मधल्या कामगाराची जी ओढाताण होते ती मी फार जवळून पाहिली आहे, आणि तिची आठवण आजही त्रास देते.

अधिकार खालून वर जातो का, या ताईंच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर चेस्टर बर्नार्ड यांनी दिले आहे. ते न्यू जर्सीतील टेलिफोन कंपनीचे १९२७ पासून अध्यक्ष होते, आणि १९३८ साली त्यांनी असे मांडले की एखाद्या आज्ञेत अधिकार आहे की नाही हे ती देणारा ठरवत नाही, ती ज्याला दिली तो ठरवतो. आज्ञा समजली पाहिजे, ती संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटता कामा नये, एकंदर स्वतःच्या हिताच्या आड येता कामा नये, आणि ती पाळणे शरीराला व मनाला झेपले पाहिजे. तेव्हाच माणूस ती स्वीकारतो. अर्थात रोज प्रत्येक हुकमाची अशी पारख कोणी करत बसत नाही. बर्नार्ड यांच्या मते प्रत्येकाच्या मनात एक पट्टा असतो, ज्याच्या आतले हुकूम तो विचार न करता पाळतो. तुमच्या व्यवस्थापकांच्या सूचनांसाठी हा पट्टा अरुंद आहे आणि बाईंच्या शब्दासाठी रुंद आहे, असे मी म्हणेन.

वर उत्तर देणाऱ्या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिकार आणि सत्ता वेगळे केले ते योग्यच आहे. पण बर्नार्ड यांच्या मापाने पाहिले तर बाईंचा शब्द ही नुसती सत्ता राहत नाही. माणसे त्यांचे ऐकतात ती नाइलाजाने नव्हे, बाई संस्थेचे भले पाहतात असा विश्वास असल्यामुळे ऐकत असतील, तर त्याला अधिकार म्हणायला माझी हरकत नाही. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विचारवंत बाईंनी १९२० च्या दशकात माणसांवर चालवायची सत्ता आणि माणसांसोबत उभी करायची सत्ता असा फरक केला होता, आणि हुकूम माणसाने माणसाला न देता दोघांनी मिळून परिस्थितीचे म्हणणे ओळखावे असे सुचवले होते. व्यवस्थापक आणि बाई यांनी थकबाकीची यादी समोर ठेवून एकत्र बसावे, ही माझी सूचना तिथूनच येते.

शाखालिपिक

तिघांचीही मी मनापासून ऋणी आहे. एक प्रसंग आधी सांगायला हवा होता, तो आता सांगते. गेल्या श्रावणात व्यवस्थापक आजारपणामुळे आठ दिवस रजेवर होते. एका शेतकऱ्याचे सोनेतारण कर्ज मंजुरीसाठी आले होते. सोन्याचे मूल्यांकन झाले होते, कागदपत्रे पूर्ण होती, बाईंनी ‘द्यायला हरकत नाही’ असे सांगितले होते, आणि रोखपालांसह सगळ्यांना ते पटले होते. तरी पैसे देता आले नाहीत, कारण बाईंची सही चालत नव्हती आणि व्यवस्थापकांच्या जागी कोणाची लेखी नेमणूक नव्हती. मुलीच्या दवाखान्याच्या खर्चासाठी आलेला तो माणूस रिकाम्या हाताने परत गेला. ज्या बाईंच्या एका शब्दावर शाखा चालते, त्या त्या दिवशी काहीच करू शकल्या नाहीत. याचा अर्थ कसा लावावा?

निवृत्त वाणिज्य शिक्षक

ताई, आपला हा प्रसंग वाचून मला कोमांत्रीच्या खाणीतली फेयॉल यांची नोंद आठवली. १८६१ सालची गोष्ट आहे. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावरचे नवखे अभियंते होते. खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा सकाळी पाय मोडला. फेयॉल यांनी दुसरा घोडा देण्याचा लेखी आदेश काढला, पण त्यावर संचालकांची सही नव्हती म्हणून तबेलेवाल्याने घोडा द्यायला नकार दिला. संचालक बाहेर होते आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलेले नव्हते. पुष्कळ विनवण्या करूनही तबेलेवाला आपल्याला मिळालेल्या सूचनेला चिकटून राहिला, घोडा मिळाला नाही, आणि त्या पातळीवरचे काम बुडाले. यावरून त्यांनी ठरवले की अधिकाराची जागा क्षणभरही रिकामी राहता कामा नये. प्रमुख नसेल तेव्हा त्याचा प्रतिनिधी असलाच पाहिजे.

तबेलेवाल्याची चूक होती असे मी म्हणणार नाही, आणि आपले रोखपालही चुकले नाहीत. सहीशिवाय पैसे न देणे हे त्यांचे कर्तव्यच होते. बाईंकडे माणसाचा अधिकार होता, पण पैशाच्या पेटीचे कुलूप पदाच्या अधिकारानेच उघडते. दोहोंपैकी एकाच्या जोरावर शाखा रोजचे निभावून नेते आणि अडचणीच्या दिवशी उघडी पडते. अभ्यासकांनी आखलेली रेषा इथे मला पूर्ण पटते, आणि माझ्या पहिल्या उत्तरात ती पुसट राहिली होती हे मान्य करतो.

शाखालिपिक

सर, मग व्यवस्थापक रजेवर असताना ठरावीक रकमेपर्यंतच्या सोनेतारणावर बाईंनी सही करावी असा आदेश संस्थेने काढला आणि त्यातले एखादे कर्ज बुडाले, तर जबाबदार कोण? आमच्या टिपणांत ‘अधिकार सोपवता येतो, जबाबदारी सोपवता येत नाही’ एवढेच आहे.

निवृत्त वाणिज्य शिक्षक

दोघेही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. बाईंनी मूल्यांकन, ओळखपत्रे आणि रकमेची मर्यादा तपासली की नाही, याचा जाब त्यांना व्यवस्थापकांकडे द्यावा लागेल. हे काम बाईंवर सोपवणे योग्य होते का आणि रजेवरून परतल्यावर मंजूर कर्जांची पाहणी केली का, याचा जाब व्यवस्थापकांना मुख्य कार्यालयाकडे द्यावा लागेल. अधिकार खाली दिल्याने त्यांची ही जबाबदारी कमी होत नाही. म्हणून आदेशात मुदत, रकमेची मर्यादा, कर्जाचा प्रकार आणि परतल्यानंतरची तपासणी या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि बाईंची पोच घ्यावी. आपली उपविधी आणि संचालक मंडळाचा ठराव यांत असे अधिकार देण्याची तरतूद आहे का, हे आदेश काढण्याआधी पाहून घ्या. नसेल तर ठरावापासून सुरुवात करावी लागेल.